समोरच्या उतारावरची हाक

आप्पांच्या बागेत मोबाइलला रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, विहिरीजवळच्या काजूखाली. तिथे पाटावर लॅपटॉप ठेवून दमयंती सकाळपासून पडद्यावरच्या सहा फिकट कमानींकडे बघत बसली होती. पुण्याहून तिच्या मार्गदर्शक दीपालीमॅडमनी काल बजावलं होतं, "उद्या सहाच्या आत सांग, प्रबंधातलं हे प्रकरण ठेवायचं की काढायचं. दोन कमानी भलतीकडे बोट दाखवत असतील, तर उरलेल्या चारांवर तरी कोण विश्वास ठेवणार?"

चार वर्षांचं काम होतं. वडिलांना, आप्पांना, ती ते असं समजवायची: एक तारा फुटला. त्याचा सरळ आलेला उजेड पृथ्वीवरून कधीच निघून गेला, कुणी नोंद ठेवली नाही. पण दुसरीकडे गेलेला उजेड वाटेत धुळीच्या ढगांवर आदळला, तिथून वळला आणि लांबचा फेरा घालून शेकडो वर्षांनी आत्ता पोहोचतोय. दोन वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो एकमेकांतून वजा केले की तो कमानीसारखा दिसतो. कमान जिकडे सरकते त्याच्या उलट रेघ मागे न्यायची. सगळ्या रेघा जिथे भेटतात तिथे तो तारा होता.

"म्हणजे पडसादच की," आप्पा म्हणाले होते. "एवढं शिकायला पुण्याला कशाला गेलीस? वांदर हाकताना मी रोज ऐकतो."

मार्गशीर्षात आप्पा गेले. आंब्याच्या दिवसांत आई एकटी पडू नये म्हणून दमयंती महिनाभरासाठी परवाच घरी आली होती.

"वांदर आले गो!" पडवीतून आई ओरडली.

दहा-बारा वानर कैऱ्या तोडून, एकेक चावा घेऊन खाली टाकत होते. दमयंतीने तोंडाशी हात नेऊन हाकारा घातला. वानरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढची कैरी तोडली. हाक डाव्या कड्यावर आपटून परत आली. पडसाद तिथूनच येतो, हे आप्पांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. समोरचा उतार झाडीचा, तो आवाज गिळतो.

आणि मागोमाग त्या समोरच्या उतारावरूनच आली दुसरी हाक.

"हाऽऽ रे हूऽप!"

शेवटी आप्पा द्यायचे तसाच हिसका. वानर शेपट्या उचलून पळाले. दमयंतीचे हात तोंडाशी तसेच राहिले.

"आई, पडसाद समोरून कसा आला?"

"कसला पडसाद? मुसाभाई ते."

मुसाचाचांची बाग मधल्या ओढ्याच्या, पऱ्याच्या, पलीकडे, समोरच्या उतारावर. कुवेतहून ते कायमचे परत आले त्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा आणि ते रोज सकाळी एकमेकांना हाक मारायचे आणि आपापल्या पडवीत बसून एकाच वेळी चहा घ्यायचे.

"पण आप्पांच्या आवाजात?"

"मग काय! माझ्या हाकेला मेले दात दाखवतात. मुसाभाई म्हणाले, वहिनी, ही जनावरं आप्पाशिवाय कुणाला मानायची नाहीत. आठ दिवस घशाची तालीम केली त्यांनी. त्यांच्या घरात अजराभाभी वैतागल्या. म्हणाल्या, आप्पा आमच्याकडे राहायला आलेत की काय!"

आई हसत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच. दमयंतीही हसली, आणि हसता हसता थांबली. समोरून आलेली हाक म्हणजे चुकलेला पडसाद नव्हता. हाक मारणाराच दुसरा होता.

ती काजूखाली धावली.

तीन आठवडे ती सहाही रेघा एकाच ताऱ्याकडे ओढत होती; चार भेटत होत्या, दोन भलतीकडे जात होत्या. आता चार बाजूला ठेवल्या आणि त्या दोनच मागे नेल्या. दोन रेघा कुठेतरी भेटणारच, त्यात काही मोठंसं नाही. पण कुठे? तिने जुन्या स्फोटांच्या अवशेषांची यादी उघडली. रेघा भेटत होत्या तिथे, नेमकं तिथे, दुसऱ्याच एका फुटलेल्या ताऱ्याचं वायूचं कडं होतं. यादीत कितीतरी वर्षांपासून.

आप्पा आढीतला प्रत्येक आंबा उलटून बघायचे, तसा तिने एकेक आकडा पुन्हा तपासला. जेवायची हाक आली, ती ऐकू आली नाही. चार वाजता तिने फोन लावला.

"मॅडम, दोन आहेत."

"काय दोन?"

"तारे. त्या दोन कमानी चुकल्या नव्हत्या. त्या दुसऱ्या स्फोटाच्या आहेत. यादी पाठवलीय, बघा."

पलीकडे की-बोर्डची टकटक. रेंज जाऊ नये म्हणून दमयंती काजूला आणखी चिकटली.

"अगं मुली," मॅडम म्हणाल्या, "खात्रीला उजेडाचे वर्णपट घ्यावे लागतील, तोवर ठाम बोलायचं नाही. पण प्रकरण काढायचं कसलं? दुसरं लिहायला घे!"

दमयंतीने लॅपटॉप मिटला. पडवीत आप्पांच्या जागी, खांबाला टेकून, कित्येक महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. ती बसली, आणि तोंडाशी हात नेले.

"चाचाऽऽ! दोन मिळालेऽऽ!"

"काय, वांदर?"

"तारेऽऽ!"

"एकाला आप्पाचं नाव दे!"

"नावं आम्ही ठेवत नाही, चाचा! त्यांना नंबर असतात!"

"मग एवढी वर्षं शिकलीस काय गो!"

मागे आई पोटभर हसली आणि तिने चहाचा कप दमयंतीच्या हातात दिला.

"चाचाऽऽ, चहा घेताय?"

"तुझ्याचसाठी थांबलोय!" समोरून आवाज आला. "घे, लाव तोंडाला!"