अकरा मिलिमीटर

डिस्क दिव्याखाली थोडी तिरकी धरली, की लिहिलेला भाग कुठे संपतो ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. आतल्या बाजूने सुरू होणारं एक कडं, बाकीच्या जांभळ्या रंगापेक्षा किंचित काळपट, आणि मग स्वच्छ रेघ. चौथ्या डिस्कवर हे कडं अकरा मिलिमीटर रुंद होतं. दमयंतीने ते मुलीच्या, ईशाच्या कंपासमधल्या पट्टीने दोनदा मोजलं. अकरा मिलिमीटर म्हणजे साधारण अठ्ठावीस मिनिटं. तिने चित्रीकरण केलं होतं सत्तावीस मिनिटं. ते जुळत होतं.

जुळत नव्हतं ते दुसरंच.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिने सात डिस्क ओळीने मांडल्या होत्या. संदेश अकरा महिन्यांनी बोटीवरून घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून त्या परत आल्या होत्या. तो मालवाहू बोटीवर फिटर होता. तो नसताना दमयंती घरचं चित्रीकरण करायची, डिस्क लिहायची आणि कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पाठवायची. तिथून पाकीट पुढच्या बंदरावर जायचं. फेब्रुवारीत घरचा डीव्हीडी रायटर बंद पडला. दमट हवेने त्याची लेन्स गेली असावी. आता एप्रिल होता, संदेशला मेमध्ये परत जायचं होतं, आणि नवा रायटर घेऊ या असं तोच दोनदा म्हणाला होता. खारी हवा खाऊन आलेल्या डिस्कपैकी कुठल्या कंपनीची चांगली टिकली, एवढंच बघायला दमयंतीने त्या बाहेर काढल्या होत्या.

सातवी डिस्क तिची नव्हती. रायटर घेण्याआधी एका स्टुडिओतून ईशाच्या वाढदिवसाची व्हीसीडी करून घेतली होती, ती. तिच्यावर जागा नव्हती इतके ओरखडे होते. कडेला तेलकट बोटांचे ठसे होते, एके ठिकाणी चहाचा वाळलेला थेंबसुद्धा. बाकीच्या सहा डिस्क आरशासारख्या होत्या. एक ओरखडा नाही, एक ठसा नाही. एक पन्नास वेळा लावलेली आणि सहा एकदाही न लावलेल्या, असं कुणीही म्हटलं असतं. फार तर एकेकदा.

दमयंती मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत केमिस्ट होती. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही ही तिची सवय होती. पण इथे नमुने सहा होते, आणि ताडून बघायला सातवा होताच.

मग तिला फोन आठवले. प्रत्येक डिस्क पोचल्यावर ती विचारायची, "पाहिलीत?" आणि संदेश म्हणायचा, "पाहिली ना. ईशा काय उंच झाली गो." सहाही वेळा हेच. चौथ्या डिस्कच्या वेळी तिला जरा चमत्कारिक वाटलं होतं, कारण चौथ्या डिस्कमध्ये ईशा नव्हतीच. पण सॅटेलाइट फोनवर अर्धे शब्द गिळले जातात. तिने ते फोनवर ढकललं होतं.

तिने सातही डिस्क पुन्हा कागदी पाकिटांत घातल्या. चौथी आणि व्हीसीडी तेवढी पर्समध्ये ठेवली. पर्समध्ये आणखी एक कागद होता. ईशाचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून करायचा अर्ज. संदेशने येताच आणून दिलेला, तीन आठवडे तसाच. नाव भरलेलं, इयत्ता भरलेली, पालकांची सही मोकळी.

पनवेलला जायचं संदेशच्या मनात दोन वर्षांपासून होतं. जयगडची त्याच्याबरोबरची चार-पाच माणसं बिऱ्हाड घेऊन तिकडे गेली होती. कंपनीचं ऑफिस जवळ, ईशाला नववीपासून मोठी शाळा. त्याने एक ब्लॉक बघून ठेवला होता आणि शनिवारी जाऊन कागदांवर सह्या करायच्या होत्या. तो प्रत्येक फोनवर विचारायचा, "मग, काय ठरवलंस?" आणि ती म्हणायची, "बघू." फोनवर याहून जास्त बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. त्याच्या मागे रांग असायची, इथे सासूबाई शेजारी बसलेल्या असायच्या. आणि खरं सांगायचं तर तिने उत्तर दिलेलं होतं. डिस्कमध्ये दिलं होतं, असं ती समजत होती.

बुधवारी दुपारी अर्धी सुट्टी काढून ती संदेशबरोबर मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेली. दुकान नितेशचं. मॉनिटर, पंखे, इन्व्हर्टर आणि दुरुस्तीला आलेल्या वस्तू, सगळं एकाच खोलीत. तिला बघून त्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

"वहिनी, तक्ता आणलात काय?"

"नाही आणला."

"वाचलो." तो संदेशकडे वळला. "तुम्ही बोटीवर होतात तेव्हा वहिनींनी दोन महिने माझी तोंडी घेतली. प्लस आर आणि मायनस आर यांत फरक काय, चुका कुठली कमी करते, कडेपर्यंत लिहिलं तर काय होतं. मी म्हटलं, मी दहावी नापास, मला काय विचारता?"

"मग कोणी जिंकलं?" संदेशने विचारलं.

"प्लस आर. चौदा ओळींचा तक्ता होता. नऊ-पाच."

तेव्हाचे स्वस्त रायटर दोन्हींपैकी एकच लिहायचे, त्यामुळे आधी डिस्कचा प्रकार ठरवायचा आणि मग रायटर. दमयंतीने संगणकाची मासिकं वाचून तक्ता केला होता. लिहिताना अडखळली तर प्लस आर अचूक जागेवरून पुढे सुरू होते, वेगात कमी चुकते, हे तिने तपासून लिहिलं होतं. शेवटून दुसरी ओळ होती, 'जुन्या प्लेअरवर चालते का'. मायनस आरखाली तिने लिहिलं होतं 'बहुधा', प्लस आरखाली 'काही ठिकाणी'. प्रत्येक ओळीला एकच गुण. त्या एका ओळीला बाकीच्या तेराही ओळींइतके गुण द्यायला हवे होते, हे तिला काल रात्री भांडी लावताना सुचलं. फॅक्टरीत डबा कुठल्या मशीनवर बंद होणार हे विचारल्याशिवाय ती कधी डबा मंजूर करत नसे.

"आता ती भानगड मिटली," नितेश म्हणाला. त्याने एक खोकं काउंटरवर ठेवलं. "हा दोन्ही लिहितो. प्लस घाला, मायनस घाला, याला सगळे सारखे."

"रायटरचं मिटलं," दमयंती म्हणाली. "डिस्क कुठली घ्यायची ते राहिलंच. तुमच्याकडे एखादा जुना प्लेअर आहे का? सात-आठ वर्षांपूर्वीचा?"

"आहे ना. भिकाजी काकांचा. गणपतीत दुरुस्तीला टाकलेला, अजून न्यायला येत नाहीत. चालू आहे पण." त्याने मागच्या फळीवरून एक जाडजूड प्लेअर काढला, फडक्याने पुसला आणि दुकानातल्या टीव्हीला जोडला.

दमयंतीने संदेशला विचारलं, "बोटीवरचा असाच आहे ना? मेसमधला?"

"हां, असाच. जरा मोठा असेल." तो पंख्याच्या खोक्यावरचा मजकूर वाचत होता.

तिने पर्समधून व्हीसीडी काढून दिली. ती लागली. ईशा केक कापत होती, कोणीतरी टाळ्या वाजवत होतं, ओरखड्यांमुळे चित्र मधेच थबकत होतं. संदेश हसला. "इथे बघ, आता लवू मामा फुगा फोडणार," तो म्हणाला, आणि पडद्यावर लवू मामाने फुगा फोडला.

"आता ही," दमयंती म्हणाली.

चौथी डिस्क आत गेली. प्लेअर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग निळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द आले. नो डिस्क.

संदेश पंख्याचं खोकं सोडून पडद्याकडे बघत होता.

"हेच यायचं," तो म्हणाला.

नितेशने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"सहाही वेळा?" तिने विचारलं.

"सहाही वेळा." त्याने मान खाजवली. "पहिल्यांदा मेसमध्ये सगळ्यांना बोलावलं मी. अठरा माणसं. म्हटलं, बायकोने घरी बनवलीय, या बघायला. आणि हे आलं. पुसून लावली, तरी हेच. कुणी काय बोललं नाय, कुकने पिक्चर लावला. मग फोनवर तू विचारलंस, पाहिलीत? मागे रांग. दोन महिने तू एवढा अभ्यास केलेलास. नाय कसं म्हणू? आणि एकदा पाहिली म्हटल्यावर पुढच्या वेळी काय म्हणणार?"

"ईशा उंच झाली."

"ती तर होणारच ना," संदेश म्हणाला.

नितेशला हसू आलं ते त्याने खोकून घालवलं. "वहिनी, एक करू या काय? माझ्या कॉम्प्युटरवर हीच मायनस आरवर कॉपी करतो. पाच-सात मिनिटं लागतील. मग लावून बघू, म्हणजे शंका नको."

"करा," दमयंती म्हणाली. तिला ही पद्धत पसंत पडली. तोच प्लेअर, तेच चित्रीकरण, बदल फक्त डिस्कचा.

नितेशने चहा सांगितला. कॉपी होत होती तोवर तिघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. संदेश म्हणाला, "राग आला काय तुला?" ती म्हणाली, "चूक माझी होती. मी बोटीवरच्या प्लेअरबद्दल विचारलंच नाही." तो म्हणाला, "मी पण सांगितलं नाय," आणि कप ठेवायला जागा शोधत बसला.

डिस्क दिसल्या नाहीत हे सांगून झालं होतं, आता त्यांत काय होतं ते समोर येणार होतं, आणि दमयंतीला अचानक ते नको वाटलं. घरी ती डिस्क तिने एकटीने तपासली होती. इथे टीव्ही दुकानाच्या दारात होता.

नवी डिस्क प्लेअरमध्ये गेली. घरघर झाली, आणि विहीर दिसली.

नाचणे गावातल्या त्यांच्या घरामागे खणलेली विहीर. वर्षभर त्यासाठी जांभा फोडत होते. चित्रात दमयंतीचा हात दिसत होता, हातात फॅक्टरीतून आणलेली मोजपट्टी, टोकाला वजन बांधलेलं. पट्टी खाली जात होती. जांभ्याचे तांबडे थर, त्याखाली पिवळी माती, त्याखाली अंधार, मग वजन पाण्याला लागल्याचा आवाज. कॅमेरा पट्टीवरच्या आकड्यावर गेला. अडतीस फूट. तिथे तो बराच वेळ थांबला.

"पाणी लागलं म्हणालेलीस," संदेश म्हणाला. "अडतीस फुटांवरच लागलं असं नव्हतीस म्हणाली."

"मे महिन्यातलं आहे ते. आटलं नाही."

विहीर संपली. पांढऱ्या फरशांची खोली आली. तपासणीची उपकरणं, खिडकीत आंब्याच्या रसाचे नमुने, दारावर पाटी. प्रयोगशाळा प्रमुख, आणि खाली तिचं नाव. पाटीवरही कॅमेरा थांबला, विहिरीवर थांबला होता तितकाच. मग टेबलावर ठेवलेली प्रयोगशाळेची किल्ली. मग पुन्हा घर, ओट्यावरून दिसणारा ईशाच्या शाळेचा रस्ता, रिकामा. सगळ्यात कुठेही कोणी बोलत नव्हतं. वारा होता, एकदा दूर कुत्रं भुंकलं.

"पाटी कधी लागली?"

"ऑगस्टमध्ये."

"फोनवर म्हणालीस, पगार वाढला."

"तुमच्या मागे रांग होती."

बाहेर स्कूटर थांबली, कोणी इन्व्हर्टरची बॅटरी विचारत होतं. नितेश दारापाशी गेला आणि त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ बॅटरी समजावत राहिला.

संदेशने पडद्यावरची नजर काढली नाही. रस्ता अजून तसाच रिकामा दिसत होता. "सगळं दाखवलंस," तो म्हणाला. "पण तू यात काहीच बोलत का नाहीस?"

दमयंतीने विचार केला. सहा डिस्क, सगळ्या मिळून अडीच तासांवर चित्रीकरण, त्यात ती विहिरीवर, पाटीवर, रस्त्यावर थांबली होती. थांबलं की समजतं असं ती धरून चालली होती. डिस्क वाचली गेली असती तरी ते वाचलं गेलं असतं असं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही विचारत होतात त्याचं उत्तर यात आहे."

"कशाचं उत्तर?"

"प्रत्येक फोनवर विचारायचात ते."

तो तिच्याकडे वळला. "तू बघू म्हणायचीस. मी समजलो, हो म्हणतेय. तुझं हो असंच असतं ना, बघू, बघू करत."

"नेहमी असंच असतं," ती म्हणाली. "या वेळी नव्हतं."

नितेश आत आला. "मायनस आर ना, वहिनी?" त्याने विचारलं. "पंचवीसचा डबा देऊ की पन्नासचा?"

"मायनस आर. पन्नासचा द्या," दमयंती म्हणाली. तिने पर्स उघडली, अर्जाचा कागद बाजूला करून पाकीट काढलं, आणि अर्ज पुन्हा आत न ठेवता काउंटरवर ठेवला. संदेशने तो ओळखला. सहीची जागा मोकळी होती तशीच होती.

"शनिवारी आपण जाणार होतो," तो म्हणाला. आवाजात चिडणं नव्हतं, तो फक्त विचारत होता.

पडद्यावरचं चित्र संपलं होतं. प्लेअर अजून फिरत होता. दमयंतीने तो बंद होण्याची वाट बघितली नाही.

"आम्ही पनवेलला येणार नाही," ती म्हणाली. "मी आणि ईशा इथेच राहणार."