रिकाम्या खुर्चीला विचारलेला प्रश्न

मी माइक बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं वाहून नेलं, आज माझं ऐका. आणि कृपा करून मला बोटाने टकटक करून 'हॅलो, हॅलो' म्हणू नका. मी चालू आहे की बंद, ते मला कळतं. बोलणाऱ्याचं डोकं चालू आहे की नाही, एवढंच कळायचं राहतं.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडं कुठे कुठे गेली. कोणी गाणाऱ्यांकडे, कोणी शाळेच्या सभागृहात. मी एका बातम्यांच्या चॅनेलच्या वाट्याला आलो. आल्याआल्या माझ्या गळ्यात चॅनेलचं नाव छापलेला चौकोनी ठोकळा अडकवला. मला वाटलं, आपला मान वाढला. लवकरच कळलं, की तो ठोकळा कॅमेऱ्यात सरळ दिसावा म्हणून पत्रकार जेवढी काळजी घेतो, तेवढी समोर रडणाऱ्या माणसाची घेत नाही. एकदा एका बापाला हुंदका आला, मी जरा तिरका झालो, तर आमच्या पत्रकाराने त्याला सांगितलं, "एक मिनिट हां, परत एकदा. माइक हलला."

पत्रकार हा प्राणी मी फार जवळून पाहिला आहे, म्हणजे त्याच्या ओठांपासून चार बोटांवरून. कांदा खाऊन आलाय की धडधडीत थाप मारायला आलाय, हे मला त्याच्या पहिल्या श्वासात कळायचं. 'सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार' असं तो म्हणाला, की ते सूत्र म्हणजे शेजारच्या चॅनेलचा पत्रकार, हे मला ठाऊक असायचं. त्या शेजारच्याचं सूत्र म्हणजे आमचा. पत्रकार परिषद संपली की हे सगळे जिन्याखाली जमायचे आणि एकमेकांना विचारायचे, "मग, काय चालवायचं?" तिथे जे ठरायचं ते संध्याकाळी प्रत्येक चॅनेलवर 'फक्त आमच्याकडे' म्हणून दिसायचं.

माझी सगळ्यात जास्त वर्षं ज्याच्या मुठीत गेली, त्याला संपादक लाडाने 'आमची तोफ' म्हणायचे. मग सगळेच त्याला तोफ म्हणू लागले, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. तोफेची सुरुवात एका लहानशा दैनिकात झाली. तिथला ज्योतिषी वरचेवर आजारी पडायचा, तेव्हा राशिभविष्य हाच लिहायचा. पत्रकारितेचा पाया तिथेच पक्का झाला, असं तो पुढे भाषणात सांगायचा आणि लोक हसायचे. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण ते अगदी खरं होतं.

चॅनेलवर आल्यावर त्याने धाप लागण्याची कला शिकून घेतली. थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी तो जवळच्या इमारतीचा जिना धावत चढून यायचा. मग कॅमेऱ्यापुढे 'मी आत्ता घटनास्थळी' म्हणताना छाती खरीच धपापायची. घरी त्याची आई टीव्हीपुढे बसून म्हणायची, "किती राबवून घेतात रे माझ्या पोराला." हे त्याने स्वतःच कॅमेरामनला कौतुकाने सांगितलं होतं.

आता त्या मुलाखतीबद्दल सांगतो. त्यासाठीच तर बोलायला बसलो आहे.

एका सरकारी इस्पितळात आग लागली. लहान मुलांच्या वॉर्डाला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत जुनी वायरिंग पेटली. वॉर्डात त्या वेळी एकच सिस्टर होती. आम्ही पोचलो तेव्हा आग विझली होती, मुलांना दुसरीकडे हलवलं होतं आणि ती नर्सांच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसून खोकत होती. तोफ तिच्यासमोर बसला, मला तिच्या हनुवटीखाली धरलं. तिच्या केसांना जळका वास येत होता.

"काय झालं, जरा सांगाल?"

"बाहेरच्या बोळातून धूर यायला लागला," ती म्हणाली. "मी मधलं दार लावून घेतलं, फटीत ओल्या चादरी कोंबल्या. मागे एक जिना आहे. तिथून एकेक पोर खाली नेलं. पलीकडून आईवडील दार बडवत होते. पण ते दार उघडलं असतं तर सगळा धूर आत आला असता हो. मग कोणीच वाचलं नसतं."

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. परत अशी वेळ आली तर परत हेच करीन."

मी आजवर हजारो माणसांचे आवाज वाहिले आहेत. त्यात नेते होते, नट होते, जगाला उपदेश करणारे होते. इतका सरळ आवाज माझ्यातून क्वचितच गेला असेल. मला तिच्याबद्दल आदर वाटला, आणि हे मी लपवणार नाही.

मुलांना बघून येते, असं सांगून ती उठून गेली. तेवढ्यात संपादकांचा फोन आला. हलवलेल्या मुलांपैकी एक मूल, आधीच फार अशक्त होतं ते, दगावलं होतं.

"आता कौतुकाची बातमी नको," संपादक म्हणाले. फोनमधून त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मूल गेलंय. लोक चिडलेत. जबाबदार कोण, ते दाखव."

"वायरिंगचं विचारायला हवं मग. खात्याचे साहेब..."

"ते कॅमेऱ्यापुढे येणार आहेत का?"

"नाही."

"मग? तुझ्याकडे कोण आहे?"

तोफेकडे सिस्टर होती. म्हणजे तीही नव्हती, तिची खुर्ची होती.

आमच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. बाहेर जाताना कॅमेरा एकच असतो. तो मुलाखत देणाऱ्यावर रोखलेला, त्यामुळे प्रश्न विचारणारा पत्रकार दिसत नाही. म्हणून पाहुणा निघून गेला की कॅमेरा उलटा फिरवतात. मग पत्रकार रिकाम्या खुर्चीकडे बघून तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि गंभीर चेहऱ्याने मान डोलावतो. नंतर ते तुकडे मधेमधे जोडले, की दोघं समोरासमोर बोलल्यासारखं वाटतं. खुर्चीपुढे मान डोलावणारा शहाणासुरता माणूस पाहायचा असेल तर एकदा जरूर पाहा. पुढे तुम्हाला बातम्या बघताना हसू आवरणार नाही.

त्या दिवशी तोफेने शर्टाची कॉलर नीट केली, मला आपल्या तोंडाजवळ घेतलं आणि रिकाम्या खुर्चीला विचारलं, "दारापलीकडे आईवडील टाहो फोडत होते, आणि तुम्ही दार उघडलं नाहीत. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

कॅमेरामनने डोळा बाजूला घेतला. "साहेब, हे आपण विचारलं नव्हतं."

"मग आता विचारतोय ना."

कॅमेरामन बापडा चांगला माणूस, असं सगळे म्हणायचे. चांगल्या माणसाने मूग गिळले आणि चित्रण चालू ठेवलं. तोफेने प्रश्न तीनदा घेतला. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज छान घोगरा झाला, तो त्याला पसंत पडला.

संध्याकाळी सगळ्यांनी पाहिलं. तुम्हाला वाईट नाही वाटत? त्यावर ती काजळलेल्या चेहऱ्याची बाई थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, "नाही. परत अशी वेळ आली तर परत हेच करीन." मागच्या जिन्याचं आणि ओल्या चादरींचं बोलणं लांबलं म्हणून कापलं होतं. मूळ चित्रण पुसून कॅमेऱ्याच्या त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी एका दुकानाचं उद्घाटन घेतलं.

सिस्टर निलंबित झाली. चौकशीत अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की दार बंद होतं म्हणूनच बाकीची मुलं वाचली. तिला निर्दोष ठरवलं. आमच्या चॅनेलवर त्याची एक ओळ आली नाही, कारण त्या दिवशी एका नटाच्या कुत्र्याचा वाढदिवस होता. सिस्टरला कामावर परत घेतलं, पण मुलांच्या वॉर्डात नाही. चादरी मोजायच्या खोलीत बसवलं. हे सगळं कॅमेरामनने एकदा चहा पिता पिता हळहळत सांगितलं. त्याची हळहळ नेहमी चहाबरोबर संपायची.

तोफेला त्या मुलाखतीसाठी निर्भीड पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. मग तो स्टुडिओत गेला आणि रोज संध्याकाळी चार माणसांना एकमेकांवर ओरडायला लावू लागला. तिथून त्याला आरोग्य खात्याने माध्यम सल्लागार म्हणून उचललं. हो, तेच खातं, त्याच वायरिंगचं. कालपर्यंत जे प्रश्न विचारायचे, ते उद्यापासून कसे टाळायचे हे साहेबांना शिकवण्याचा त्याला पगार होता, आणि दोन्ही कामं त्याने सारख्याच निष्ठेने केली. पुढे सरकार बदललं, खुर्ची गेली. अशा माणसाला मग काय उरतं? तत्त्वं. तत्त्वं आठवली आणि त्याने पत्रकारिता शिकवणारी संस्था काढली.

चॅनेल सोडताना त्याने मला आठवण म्हणून मागून घेतलं होतं. माझी वायर कापली, मला लाकडी ठोकळ्यावर उभं केलं, खाली पितळी पट्टी लावली. आता मी त्याच्या टेबलावर असतो. नवीन मुलं प्रवेश घ्यायला आली की तो मला उचलून म्हणतो, "ह्या माइकने भल्याभल्यांचे मुखवटे उतरवलेत." मुलं माझ्याकडे भारावून बघतात. मला तोंड लपवायला जागा नाही.

गेल्या महिन्यात दुपारी एक म्हातारी बाई त्याच्या केबिनमध्ये आली. पिशवी मांडीवर घेऊन समोर बसली. मी तिला खोकल्यावरून ओळखलं.

"या ना. कोणाच्या आई तुम्ही?" तोफेने विचारलं. त्याला वाटलं, फीचं बोलायला आलीय.

"मी सिस्टर. लहान मुलांचा वॉर्ड. आग लागली होती तेव्हाची."

"अरे! सिस्टर! तुमची मुलाखत तर आम्ही अजून मुलांना दाखवतो." त्याला खरंच आनंद झाला होता. "चहा सांगू?"

"नको. एक विचारायचं होतं." तिने पिशवीचे बंद मुठीत धरले. "माझ्या लेकीला बाळ झालंय. सुट्टी संपली की बाळाला माझ्याजवळ ठेवून ती कामावर जाणार होती. तसं ठरलं होतं आमचं. मग कोणीतरी ते जुनं तिच्या फोनवर पाठवलं. तेव्हा ती लहान होती, तिने कधी पाहिलं नव्हतं. मला काही बोलली नाही. पण आता बाळासाठी बाई शोधतेय."

तोफ घड्याळाकडे बघत मान डोलावत होता. ती सवय त्याची गेली नव्हती.

"मी तिला म्हटलं, मला असं विचारलंच नव्हतं गं. ती म्हणाली, आई, नीट आठव. म्हणून आठवतेय. पण ते इतक्या वेळा बघितलंय, की आता माझंच मला कळेनासं झालंय. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मला काय विचारलं होतंत?"

मला वाटलं, आता हा चाचरेल, निदान नजर चुकवेल. तो खोटं बोलला असता तरी मला बरं वाटलं असतं, कारण खोटं बोलायला खरं आठवावं लागतं. ह्या माणसाला काही आठवतच नव्हतं. त्याने खुशाल कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "आठवायचं कशाला? पुरावाच आहे की."

आणि त्याने ते लावलं. त्याचा घोगरा आवाज, तिचं गप्प राहणं, तिचं उत्तर.

"परत एकदा लावता?" ती म्हणाली. त्याने लावलं.

"आवाज तुमचाच आहे," ती सावकाश म्हणाली. "मला वाटायचं, भीती वाटली का, असं काहीतरी विचारलं होतंत."

"होतं असं, सिस्टर. माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो."

"असेल." ती पडद्याकडे बघत राहिली. "पण मग मी असं कसं बोलले हो? वाईट नाही वाटत म्हणाले मी?"

"तेव्हा ताण होता तुमच्यावर. मनाला लावून घेऊ नका."

ती उठली. दाराशी जाऊन वळली आणि म्हणाली, "माफ करा हं. उगाच तुमचा वेळ घेतला."

तिने त्याची माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने हात हलवून दिलीही. आणि मी लाकडी ठोकळ्यावर ताठ उभा होतो, वायर कापलेला.

वाचकहो, मला कोणी दुरुस्त करावं, पुन्हा वापरावं, असं मी मागत नाही. ह्या लोकांच्या हातात पुन्हा जाण्यापेक्षा भंगारात गेलेलं मला चालेल. माझं एकच काम करा. ती बाई तुमच्या आसपासच राहत असेल, फार खोकते. तिला गाठून सांगा, की तुम्हाला भीती वाटली का, एवढंच विचारलं होतं, आणि तुम्ही नाही म्हणालात. आणि तिच्या लेकीला सांगा, बाळ आजीपाशी ठेव.