माझ्या फटीत शाडूची माती

ज्या पत्राला दोन पावसाळे उत्तर गेले नाही, त्या पत्राच्या सोबतीने मी पेणला आलो. मित्रांनो, मी लिथॉप्स. दिसायला नदीतला खडा, पण आहे झाड! दोन जाड पाने एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये एक फट, एवढाच माझा देह. माझे पूर्वज दूर दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळावर दगडांत दगड होऊन लपत, म्हणजे जनावरे त्यांना खात नसत. मी मात्र पुण्याच्या एका रोपवाटिकेत बीपासून वाढलो. शेजारी माझा भाऊही वाढला. रोह्याच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या सरूने आमची कुंडी विकत घेतली आणि जनूच्या टेम्पोतून वडिलांकडे धाडली.

जनू खोके उतरवताना म्हणाला, "बाबा, लेकीनं दगड पाठवलेत तुम्हाला. सांभाळून ठेवा."

सरूचे वडील गुणाजीबाबा गणपतीच्या मूर्ती घडवतात. त्यांच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी सरू करायची. तिने रेखलेले डोळे पाहून गिऱ्हाईक बोलायचे विसरून जाई. तिला कंपनीत नोकरी लागली, तेव्हा बाबा रागाने बोलून गेले, "गेलीस तर परत येऊ नको." ती गेली. मग हे पत्र आले. 'बाबा, यांना पाणी अगदी कमी घाला. फूल आले की कळवा. मी बघायला येईन.'

बाबा कितीदा तरी पोस्टकार्ड घेऊन बसले. 'प्रिय सरू' याच्या पुढे त्यांना शब्द सुचेना. बोललेले शब्द मागे कसे घ्यायचे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. शेवटी ते बायकोला, हौसाबाईंना, म्हणाले की फूल येऊ दे, मग लिहितो.

म्हणजे पाहा! बापलेकीची भेट माझ्या फुलावर येऊन ठेपली. मला तर आतल्या आत गुदगुल्या झाल्या.

पण बाबांची माया होती मातीत हात घालणाऱ्या माणसाची. अर्धी घडवलेली मूर्ती वाळू नये म्हणून कारखाना बंद करताना तिच्यावर ओले फडके टाकतात. तसेच फडके ते आमच्यावरही टाकू लागले. माझा भाऊ कुजला. बाबा घाबरले आणि त्यांनी मला मूर्ती वाळवायच्या फळीवर, दिव्याच्या उबेला ठेवले. म्हणून तर कोकणच्या पावसाळ्यातही मी तगलो.

असे दोन पावसाळे गेले. ऑक्टोबरचे ऊन पडले आणि माझी फट रुंदावू लागली. आत कळी होती, मित्रांनो! मी तर उतावीळ झालो. बाबांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. मूर्तिकाराला फटीचा एकच अर्थ ठाऊक असतो, तडा. त्यांनी शाडूची माती पातळ कालवली, माझ्या फटीत भरली आणि वरून बोट फिरवून अशी गुळगुळीत केली, की फट कुठे होती ते कळू नये.

"अवो, काय चाललंय तुमचं?" हौसाबाईंनी विचारले.

"तडा गेलाय गो. हा पण हातचा गेला, तर सरूला काय सांगू?"

मी आतून जोर लावला. दुसऱ्या दिवशी माती तडकली. बाबांनी ती पुन्हा भरली. मी पुन्हा जोर लावला. पुन्हा तडकलेली माती पाहून बाबा बोटे पुसत खाली बसले. म्हणाले, "हात बिघडला माझा. साधा तडा बुजत नाय."

हौसाबाई वाकून मला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात नाय बिघडला. आतून कोण तरी ढकलतंय. पोटुशीचं पोट लिंपतात का कधी?"

बाबांनी चष्मा लावला. मातीच्या भेगेत पिवळे टोक दिसत होते.

ते उठले. फळीवर सरूचा आखणीचा ब्रश होता. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. बाबांनी तो घेतला आणि श्वास रोखून, देवाचे डोळे रेखावेत तसे, माझ्यावरच्या मातीचे कण बाजूला केले.

दुसऱ्या दुपारी मी उमललो! पिवळाधमक, माझ्या अंगापेक्षाही मोठा! शेजारच्या कारखान्यांतले कारागीर रंगाच्या हातांनी धावत आले. जनू टेम्पो चालू ठेवूनच आत शिरला आणि म्हणाला, "आयला, दगड फुलला की!"

बाबांनी कार्ड घेतले आणि एका दमात लिहिले, 'सरू, फूल आले. दुपारी उघडते, संध्याकाळी मिटते. थोडेच दिवस टिकेल. तुझा ब्रश घेतला होता, तो धुऊन जागेवर ठेवला आहे. ये.'

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्याला सांभाळाल, त्याला आपल्या सवयीने सांभाळू नका. त्याची सवय काय, ते आधी बघा. माझा भाऊही आज फुलला असता.

बाबा पत्रपेटीकडे निघाले ते मला कुंडीसकट घेऊन. मला मागे ठेवायला त्यांचा धीर होईना. त्यांनी कार्ड पेटीत सरकवले, ते अडकले तर नाही ना, हे बोटे घालून पाहिले. तळाला कार्ड पडल्याचा आवाज मी या कानांनी, म्हणजे पानांनी, ऐकला.

मग बाबा मला उन्हात धरून हळूच म्हणाले, "ती येईस्तोवर टिक हां."