लाल झालेली काशाची वाटी

वाटी पडली ती सासूबाईंच्या हातून, पण फोडली होती तेजस्विनीनं. हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

साळुबाई रोज दुपारी नातीच्या, समृद्धीच्या, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायच्या. वाटी त्यांच्या आईची. जुन्नरच्या कासारानं लालबुंद तापवून, ठोकून, पाण्यात विझवून घडवलेली. चाळीस वर्षांत कितीदा पडली, कधी चीर गेली नव्हती. परवा फरशीवर पडली आणि चार तुकडे झाले.

"माज्या हातातच जोर न्हाई राह्यला," साळुबाई म्हणाल्या. "उद्या पोरगी निसटली म्हंजी? तिचं न्हाणं-माखणं आता तुझं तूच बघ, बाई."

दोन दिवस त्यांनी नातीला उचललं नाही. ती रांगत मांडीशी आली तरी हात पदराखालीच.

आठवड्यापूर्वी थंडी म्हणून तेजस्विनीनं रिकामी वाटी गॅसवर शेकायला ठेवली, तेवढ्यात समृद्धी पायरीकडे सरकली, ही तिला धरायला धावली. परत येऊन बघते तर वाटी खालून लाल. धातुशास्त्राची डिग्री काय उगाच घेतली होती? कासं असं तापलं की लगेच पाण्यात बुडवायचं, म्हणजे आतली चिवट रचना टिकते. सावकाश निवू दिलं तर तांब्या-कथलाचे ठिसूळ कण तयार होतात, आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही. बादली पायाशीच होती. पण चर्र आवाज झाला असता, आणि ओसरीवर सासूबाई शेंगा निवडत होत्या. तिनं वाटी ओट्यावर तशीच निवू दिली. मग चिंचेनं घासून फळीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी समृद्धी आजीकडे हात पसरून रडायला लागली आणि साळुबाईंनी तोंड फिरवलं. मग मात्र तेजस्विनीनं सगळं सांगून टाकलं.

साळुबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"चर्र वाजलं असतं तर खाल्लं असतं व्हय मी तुला?"

"चुकलं, आई."

"वाटी गेली तर गेली. आईची व्हती, लई जपली व्हती, ते जाऊ दे. पर दोन दिवस मी म्हातारी झाले, अन् तू बगत बसलीस."



साळुबाईंनी नातीला ओढून मांडीवर घेतलं, तिचा पाय तळहातात धरला. "तूप आण. गॅसवर नगं, उन्हात ठिवून आण."

अंगणात तेजस्विनीनं तुपात तीनदा बोट बुडवून पाहिलं, तेव्हा कुठं ते आत नेलं.