कल्याणच्या नावावरची चढाई

बाजरीची कणसं खुडता खुडता भीमाबाईनं विळा थांबवला आणि नवऱ्यावर कडाडली, "आज त्या बैठकीत तोंड उघडलं न्हाई ना, तर माज्या हातची भाकर मागू नगा. सांगून ठिवते."

"अगं खुड की," वैजनाथ म्हणाला. "ऊन चढाया लागलंय."

"चढू द्या! एकतीस वर्सं झाली, तुमच्या तोंडाला कुलूप. उद्या त्या कल्यानच्या नावाची कमान हुबी ऱ्हाईली, तर तिच्याखालनं मी जायाची न्हाई. मेले तरी न्हाई. माजी तिरडी आडवाटंनं न्या."

वैजनाथनं पुढचं कणीस ओढलं. पावसानं यंदा दोनदा हूल दिली होती. मुरमाड रान, त्यात कणसं निम्मी पोचट. हातात घेतलं की कळायचं, दाण्यापेक्षा भुसा जास्त. तो डाव्या हातानं खुडत होता. उजवा हात त्याचा खांद्याच्या वर जायचा नाही, आणि तो का जायचा नाही हे भीमाबाईला जितकं ठाऊक होतं तितकं गावात कुणाला नव्हतं.

भांडण होतं ते खेळावरून. आता साठीला टेकलेल्या नवराबायकोनं कबड्डीवरून भांडावं म्हणजे ऐकणाऱ्याला हसू येईल. पण बोरदऱ्यात ते नवल नव्हतं. पाथर्डीच्या अंगाचं कोरडवाहू गाव. प्यायला पाणी नाही, पण कबड्डीपायी डोकी फोडायला एका पायावर तयार. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जायचं आणि उरलेलं निम्मं खंडोबाच्या देवळापुढं मांड्या थोपटत बसायचं. त्या गावच्या श्री खंडोबा क्रीडा मंडळाला यंदा पन्नास वर्षं होत होती. नवं मैदान झालं होतं, त्याला दगडी कमान बसणार होती, आणि कमानीवर नाव कोरायचं होतं मंडळाच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं. महिनाभर गाव त्यावरच भांडत होतं. हॉटेलात तेच, मोबाईलवर तेच, मयतीला गेलं तरी तेच.

तर झालं होतं असं. मंडळाला पन्नास वर्षांत जिल्ह्याचा चषक मिळाला एकदाच, एकतीस वर्षांमागं, मिरजगावच्या मैदानावर. खेळाडूंच्या नावांची यादी दिवाळीनंतर लगेच पाठवून झाली होती आणि वैजनाथ तेव्हा टोळीबरोबर ऊस तोडत होता. त्याचं नाव राहिलं. सातव्या जागी तेव्हाच्या सरपंचाच्या पोराचं, कल्याणचं नाव कुणी तरी मान म्हणून टाकलं होतं. कल्याण खेळायचा कसा? मांडी थोपटायचा झकास. पलीकडच्या अंगणात शिरला की मात्र कोकराला बाजारात सोडावं तशी गत. शेवटी कप्तान गहिनीनाथ फटफटीवर फडात गेला, वैजनाथच्या हातातला कोयता काढून भीमाबाईच्या हातात दिला आणि म्हणाला, "वैनी, आठ दिस याला उसना द्या." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ते आठ दिवस भीमाबाईनं एकटीनं पुरा कोयता ओढला.

वैजनाथ सहाही सामने कल्याणच्या नावानं खेळला. अंतिम सामन्याला समोर वाघदरी. त्यांनी ओळखलं, पंचांकडं ओरड केली, "हा कल्यान न्हाई, हा ऊसतोड्या हाय!" पंचांनी गहिनीनाथला विचारलं. गहिनीनाथनं कनवटीचा भंडारा काढला, बेलाचं पान आणवलं, दोन्ही तळहातावर घेतलं आणि शेकडो माणसांसमोर खंडोबाची आण घेऊन सांगितलं की हा कल्याणच. बेल-भंडारा उचलल्यावर कोण काय बोलणार? खेळ झाला. खरा कल्याण त्या वेळी टेम्पोत ताडपत्रीखाली दडून बसला होता.

शेवटच्या चढाईत वैजनाथनं सामना ओढून आणला आणि त्याच चढाईत त्याचा उजवा खांदा निखळला. तो पुन्हा म्हणून मैदानात उतरला नाही. त्या सालचा सगळा हंगाम भीमाबाईनं एकटीनं ऊस तोडला, मोळ्या एकटीनं वाहिल्या, ट्रकच्या फळीवर एकटी चढली. आणि पेपरात आलं, 'कल्याणच्या चढाईने बोरदरा अजिंक्य.' जुन्या माणसांना सगळं माहीत होतं, पण देवाच्या आणेपुढं कुणी चकार शब्द काढला नाही. पोरांना कुणी सांगितलंच नाही. करून गेलं गाव आणि कांदळकराचं नाव, ते हे असं.

खुडणं आटपून वैजनाथनं हात धुतले, टोपी झटकली आणि भीमाबाईकडं न बघता म्हणाला, "आज सांगतो. खंडोबाच्यान सांगतो."

देवळाच्या सभामंडपात बैठक आधीच पेटली होती. हॉटेलवाला भागवत गुडघ्यांवर उभा राहून बोलत होता, कारण बसून बोललं की त्याचा आवाज पोचत नाही असं त्याला वाटायचं.

"आरं चढाई म्हंजेच खेळ व्हय? पकड बघा, पकड! ह्यो गहिनीनाथ डाव्या कोपऱ्यात हुबा ऱ्हायचा. एकदा का घोटा धरला की घोरपडीगत. मानूस सुटल, पन घोटा न्हाई सुटायचा! बाजूच्या गावातली पोरं त्याच्या अंगाला जायाची न्हाईत. कमानीवर नाव लावा गहिनीनाथचं."

गहिनीनाथ भिंतीला टेकून बसला होता. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. "माजं नगं," एवढंच म्हणाला.

"भागवतकाका, तोंडानं कायबी म्हनता येतं," हर्षल म्हणाला. हर्षल मंडळाचा सचिव, शाळेत मास्तर. पोरगा सरळ, पण कागदापुढं त्याला देवही दिसायचा नाही. त्यानं फाईल उघडली. "ही कात्रणं बघा. सहा सामने, त्रेपन्न गुण. शेवटची चढाई तीन गड्यांची, वर लोणाचे दोन. एका दमात पाच गुण. पन्नास वर्षांत असं कुणी केलं? आणि त्यानंतर कल्याणआप्पांनी खेळ सोडला. शिखरावर असताना सोडला! आजकाल कुणी सोडतं का?"

"शिखरावर!" भागवत पुटपुटला आणि खाली बसला. त्याला बोलायचं होतं ते वेगळंच होतं, म्हणून तर तो बिचारा पकडीचं पुराण लावून बसला होता.

"फोटोत तोंड का दिसत न्हाई पन?" एका पोरानं विचारलं.

"पाठ दिसतीय की," हर्षल म्हणाला. "सात नंबर. आप्पा तेव्हा अंगानं बारीक होते."

कल्याणआप्पा गादीवर बसले होते. पोट मांडीवर आलेलं, बोटात दोन अंगठ्या. ते हात हलवून म्हणाले, "जाऊ द्या रं पोरांनो, कशाला जुनं उकरता." आणि हे असं लाजत बोलले की पोरांना ते आणखीच मोठे वाटले. एकतीस वर्षं चार लोक सांगतायत म्हटल्यावर माणसाला स्वतःलाच खरं वाटायला लागतं.

वैजनाथनं टोपी डोक्यावर दाबली. तो उठला.

"मला बोलायचंय."

"बोला की नाना," हर्षल म्हणाला.

"ती चढाई कल्यानआप्पानं न्हाई केली."

 मग मागनं एक पोरगं खिदळलं, "मग काय तुमी केली?"

"व्हय. म्या केली."

जे हसू उठलं ते काय सांगावं! पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसली. हर्षल तेवढा हसला नाही. त्यानं पेन हातात घेतलं. "कुणी साक्षीला आहे, नाना?"

वैजनाथनं गहिनीनाथकडं बघितलं. गहिनीनाथनं काठी टेकली आणि हळूहळू उभा राहिला. कल्याणआप्पा बोटातली अंगठी फिरवायला लागले.

"थांबा अण्णा," हर्षल म्हणाला. "तुम्ही बोलायच्या आधी मी एक सांगतो, मग मला बोल लावू नका. वाघदरीची त्या वेळची तक्रार जिल्ह्याच्या फाईलीत अजून आहे. तोतया खेळाडू खेळवला म्हणून. कप्तानानं देवाची आण घेतली असं पंचांनी खाली लिहिलंय, म्हणून ती निकाली निघाली. आता हे खरं असंल तर मी सचिव आहे, मला ते लिहून कळवावं लागंल. मी खोट्यावर सही करणार नाही. चषक वाघदरीला जाईल. आणि आपल्या सातही जणांची नावं पुस्तकातनं कटतील. आता सांगा."

एकदम सगळ्यांच्या माना कपाटाकडं वळल्या. काचेमागं चषक होता, कान तुटलेला, दर चंपाषष्ठीला चिंचेनं घासलेला. त्या सातांतले दोघे आता नव्हते. त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी त्याच चषकाबरोबरचा फोटो लावलेला होता आणि त्याला हार होता.

गहिनीनाथनं काठी या हातातनं त्या हातात घेतली. "वैजा," तो म्हणाला, "तू म्हनशील ते मी सांगतो. देवाचं मी बघून घेईन."

हे त्यानं म्हणायला नको होतं. नाही म्हणाला असता, तोंड फिरवून बसला असता, तर वैजनाथनं त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण म्हाताऱ्यानं ओझं उचलून याच्याच डोक्यावर दिलं. त्या दिवशी भर मैदानात ज्यानं आपल्यापायी देवाची खोटी आण वाहिली, त्याला आज नातवंडांदेखत खोटारडा ठरवायचं? मेलेल्या दोघांच्या फोटोचा हार उतरवायचा? आणि कशापायी, तर चार अक्षरांपायी. ती चार अक्षरं मात्र वैजनाथला हवी होती. पोटात आग पडावी अशी हवी होती. आयुष्यात त्यानं दुसऱ्याचा ऊस तोडला, दुसऱ्याच्या ट्रकात भरला. स्वतःचं म्हणावं असं ते एक पंचवीस-तीस सेकंदांचं होतं, आणि तेही असं.

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"बस गहिनीनाथ, खाली बस," तो म्हणाला. "चेष्टा केली रं पोरांनो. आप्पाच खेळलं. मी पानी द्यायला हुतो."

पुन्हा हसू फुटलं. कुणी तरी म्हणालं, "नाना लई बेरकी हाय!" हर्षलनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि वहीत नाव लिहिलं. टाळ्या झाल्या. गहिनीनाथ खाली बसला तो वर बघेना. भागवत उठला, चहाची किटली तशीच टाकून, कुणाशी न बोलता हॉटेलाकडं निघून गेला.

वैजनाथ देवळामागनं घराकडं वळला तर दीपमाळेपाशी कल्याणआप्पा उभे. एकटेच. पायातली चप्पल मातीत घोळवत होते.

"वैजनाथ," ते म्हणाले, "तू आज माजी लाज राखली."

"तुमची न्हाई राखली, आप्पा."

"व्हय, व्हय. ते कळतंय मला." आप्पा जरा घुटमळले. "एक काम हुतं. चंपाषष्ठीला भाषन करायचंय. पोरं म्हनतात, शेवटच्या चढाईचं सांगा. आता मी तर त्या टेंपूत... मला नुसता गलका ऐकाया आला. कसं कसं झालं, तेवढं सांगशील का?"

वैजनाथच्या डोक्यात रक्त चढलं. या भाड्याला नाव पाहिजे, कमान पाहिजे, आणि आता चढाई पण पाहिजे! नरडं धरावं असं वाटलं. तो पचकन् थुंकला आणि चालायला लागला.

"बरं, ऱ्हाऊ दे," मागनं आप्पा म्हणाले. "मी आपलं असं सांगतो मग. समोर तिघं हुतं. मी उजवा पाय म्होरं टाकला, अन् एकेकाला ढकलून दिलं, अन्..." वैजनाथनं वळून बघितलं. आप्पा धोतर सावरत, उजवा पाय पुढं टाकून, दोन्ही हातांनी हवेला ढकलत होते. लग्नात वाढपी पंगतीत वाट काढतो तसे.

वैजनाथ दोन पावलं गेला. थांबला. कुणी ऐकलं असतं तर? वाघदरीचं कुणी म्हातारं त्या भाषणाला बसलं असतं आणि त्याला वाटलं असतं, की अशानं आपण हरलो?

"उजवा न्हाई रं!" तो ओरडला. आप्पा म्हणायचंही भान राहिलं नाही त्याला. तो माघारी आला, टाचेनं मातीत रेघ ओढली आणि कल्याणला दंडाला धरून रेघेच्या पलीकडं उभं केलं. "डावा पाय आधी. कोपऱ्यावाल्याला मोह पडंल इतका लांब. त्याला धरू द्यायचा. मुद्दाम. तो धरतो, मग मधला पडतो अंगावर, मग तिसरा. तिघंबी अंगावर येऊ द्यायचं. दम सोडायचा न्हाई. ढकलायचं न्हाई कुनालाच. मग पडायचं, उजव्या खांद्यावर, अन् त्यांच्यासकट ओढत यायचं. बोटं रेघंवर टेकंस्तवर."

"डावा पाय," कल्याण म्हणाला. "मग मधला. मग पडायचं."

"दम ऱ्हायला."

"व्हय, दम. दम सोडायचा न्हाई."

"आता पहिल्यापासनं म्हन," वैजनाथ म्हणाला.