शून्यापासून मोजलेल्या खोल्या

मी खोली काढली ती एकच. दहा बाय बारा, एक दार, एक खिडकी, डाव्या भिंतीला ओटा, मागे मोरी. बाकीच्या दोनशे एकोणचाळीस मी काढल्याच नाहीत. त्या ठोकळ्यांनी काढल्या.

ठोकळे म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळी माती तिथंच झाली. आमच्या ऑफिसात नकाशांचा एक प्रोग्राम आहे. त्यात हुकूम लिहावे लागत नाहीत, पडद्यावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. निळा म्हणतो, ही वस्तू घे. पिवळा म्हणतो, हिची नक्कल कर. हिरवा म्हणतो, नक्कल इतके फूट सरकवून ठेव. आणि या सगळ्यांना पोटात घेणारा नारिंगी म्हणतो, हेच इतक्या वेळा कर. वीस खोल्या झाल्या की नवी ओळ, अशा बारा ओळी. बटण दाबलं की चार सेकंदांत वसाहत उभी. वर नकला मुळाशी बांधलेल्याच राहतात. एका खोलीची खिडकी मोठी केली की दोनशे चाळीस खिडक्या मोठ्या होतात.

साहेबांनी ते पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "ठोकळेमास्तर, तुम्ही तर गवंड्यांना उपाशी मारणार!"

तेव्हापासून मी ठोकळेमास्तर. माझ्याकडे डिग्री नाही. ऑफिस उघडायच्या आधी तासभर येऊन, चुकत-माकत, माझं मीच शिकलो. ही गोष्ट मी छाती फुगवून सांगायचो.

रस्ता रुंद करताना ज्यांची घरं पाडली, त्यांच्यासाठी ही वसाहत होती. त्यात माझी थोरली बहीणही होती. तीन वर्षं ती, भाऊजी आणि कॉलेजात जाणारी पोरगी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. शेजारच्या शेडमधला माणूस खोकला की यांची भांडी वाजायची. म्हणून मी जीव ओतून काम केलं. मूळ खोलीची खिडकी सांगितल्यापेक्षा फूटभर रुंद काढली. साहेबांनी ती मोजली आणि म्हणाले, "दोनशे चाळीस फूट फुकटचा वारा वाटताय का?" केली लहान.

खोल्यांची सोडत एका शाळेच्या हॉलमध्ये निघाली. ताईच्या चिठ्ठीवर दोन आकडा आला.

"दोन!" ती मला म्हणाली. "म्हणजे अगदी सुरुवातीलाच ना रे? रस्त्याजवळ?"

"पहिल्या ओळीत. कोपऱ्याला लागून."

"बघा," ती भाऊजींकडे वळली, "तुमचा गुडघा वाचला."

"गुडघ्याचं ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "पण लग्नानंतर पहिल्यांदाच तुझा भाऊ कामाला आला. तारीख लिहून ठेव."

पोरगी इतकी हसली की मागच्या बाकावरच्या बाईंनी तिला गप्प केलं. मीही हसलो. तेवढं एकदाच.

ताबा द्यायच्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पोत सामान भरून गेलो. फाटकाशी एका कारकुनानं सह्या घेतल्या आणि प्रत्येकाला एक पिशवी दिली. आत ताबापत्र, एक कोरं कुलूप आणि किल्ली. ताईच्या किल्लीला पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर २. तिनं ती किल्ली मुठीत धरली ती टेम्पोतून उतरेपर्यंत सोडली नाही.

पहिल्या दारावर १ रंगवलं होतं. एक म्हातारा आणि त्याची अंथरुणाला खिळलेली बायको, त्यांचा पलंग आत चालला होता. त्याला लागून दुसरं दार. त्यावर ३.

ताई म्हणाली, "समोरच्या बाजूला असेल."

समोर दुसरी ओळ होती. आम्ही दोन्ही बाजूंनी वाचत गेलो. इकडे ४, ५, ६, तिकडे २४, २५, २६. भाऊजी गुडघा धरून मागून येत होते, ते पाचव्या दारापाशी थांबले. मी शेवटापर्यंत गेलो. बाराव्या ओळीत शेवटून दुसऱ्या जागेवर २४० होतं, आणि अगदी शेवटच्या जागेवर सिमेंटच्या चौथऱ्यावर पाण्याची टाकी. काळी, भली मोठी, नवीकोरी.

रंगारी तिथंच डबे धूत होता. मी त्याला विचारलं, दोन नंबर कुठाय?

"मला काय विचारता? कागदावर होतं तसं रंगवलं. पहिल्या खोलीवर काहीतरी गिचमीड छापलं होतं, एकावर दोन चढल्यासारखं. मी म्हटलं पहिलीच खोली आहे, तर एकच असणार."

एकावर दोन चढल्यासारखं.

मूळ खोली जागेवर होतीच. नारिंगी ठोकळ्याला मी सांगितलं होतं, दोनशे एकोणचाळीस नकला कर. त्यानं केल्या. पण त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि मी ती एकावर आणली नव्हती. पहिली नक्कल किती सरकवायची? शून्य गुणिले दहा फूट. म्हणजे शून्य. पहिली नक्कल मूळ खोलीच्या अंगावर बसली, भिंतीवर भिंत, दारात दार, ओट्यावर ओटा. पडद्यावर ती एकच दिसते. खोल्यांना नंबर घालणाऱ्या ठोकळ्यानं मात्र दोघींना वेगळे नंबर दिले, एक आणि दोन. यादी म्हणाली दोनशे चाळीस. कंत्राटदारानं नकाशावर दिसल्या तेवढ्या बांधल्या, दोनशे एकोणचाळीस. शेवटी जागा मोकळी दिसली तेव्हा इंजिनिअरला वाटलं ती टाकीसाठीच सोडली आहे, मास्तरांनी डोकं चालवलं. त्यानं माझं कौतुकही केलं होतं. मला वाटलं होतं ठोकळ्यांचं करतोय.

ताई मागून आली. "काय म्हणतोय रंगारी?"

मी सांगितलं. सगळं, शून्यासकट.

ती टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू केलंस."

"हो."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'वर अख्खं घर कोसळलं असतं, असतं तर.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर फाइल उघडली. पहिल्या खोलीवर बाण नेला, धरली, आणि बाजूला ओढली. खालून दुसरी निघाली.

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "परत ठेवा."

"साहेब, एक खोली कमी बांधली आहे. चूक माझी आहे. मी लिहून देतो."

"काय लिहून देता? काम पूर्ण झाल्याचा दाखला गेला. दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस. तुम्ही लिहून दिलंत तर माझी सही खोटी, इंजिनिअरची खोटी, वरच्यांची खोटी. आणि एवढ्या खोट्या सह्यांतून खोली उगवणार आहे का?"

"माझ्या बहिणीची आहे ती."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटलं, हे मी त्यांच्या नावावर जमा करतो. वाईट वाटून झाल्यावर त्यांनी चष्मा परत घातला.

"असं करा. ती दोन नंबर उचला आणि शेवटच्या मोकळ्या जागेवर ठेवा. नकाशा तरी बरोबर होऊ दे."

"तिथं टाकी आहे."

"नकाशात कुठाय टाकी?"

खरंच, नकाशात टाकी नव्हती. मी खोली उचलून तिथं ठेवली. माझ्याच हातानं. नाही म्हणालो असतो तर कुणी दुसऱ्यानं ठेवली असती, असं मी स्वतःला सांगितलं. हे वाक्य जगातल्या प्रत्येक ऑफिसात दिवसातून शंभरदा म्हटलं जातं, आणि प्रत्येक वेळी ते खरं असतं. म्हणून तर त्याची किळस येते.

त्यानंतर मी आणि भाऊजी तीन आठवडे सरकारी ऑफिसांच्या खिडक्यांवर फिरलो. पुनर्वसनाच्या बाईंनी नवा नकाशा काढून दाखवला. "ही काय तुमची खोली. बारावी ओळ, शेवटची."

"तिथं टाकी आहे, मॅडम."

"मग अतिक्रमण आहे. पाणी विभागाकडे जा."

पाणी विभागातल्या माणसानं सांगितलं, टाकी मंजूर जागेवर आहे, अतिक्रमण असेल तर खोलीचं असेल.

भाऊजी त्या माणसाला म्हणाले, "साहेब, मग आम्ही टाकीतच राहतो. निदान पाण्याची चिंता मिटेल."

तो हसला. चहा मागवला. अर्ज घेतला नाही.

चौथ्या आठवड्यात शेडवर नोटीस लागली. घर मिळालेल्यांनी आठ दिवसांत शेड रिकामी करावी. यादीत ताईचं नाव होतं. ताबापत्रावर तिची सही होतीच, किल्ली घेताना केलेली.

रविवारी दुपारी मी गेलो. सामान पुन्हा बांधलेलं, या वेळी कुठं जायचं ते न ठरवता. पोरगी मैत्रिणीकडे राहायला गेली होती. भाऊजी कुणा ओळखीच्याच्या गॅरेजचा माळा बघायला गेले होते, त्या गुडघ्यानं. शेडच्या दाराला नवं कुलूप होतं, किल्लीच्या बिल्ल्यावर २. ताई म्हणाली, "वापरायला नको का? कोरंच गंजेल."

मी माफी मागायला गेलो होतो. ती शब्दांत मांडून ठेवली होती. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"लॅपटॉप आणलायस?"

"आहे."

"दाखव ना मला. माझी खोली."

"ताई, कशाला उगाच."

"दाखव म्हणते ना."

मी दाखवली. बारावी ओळ, शेवटची. दारातून आत नेलं. ती बांधलेल्या गादीवर बसून वाकून बघत होती, जशी दुसऱ्याच्या घरात बघतात, हात पाठीमागे धरून.

"ऊन कुठून येतं?"

"खिडकीतून. सकाळचं."

"छोटी आहे खिडकी."

"हो."

"पलंग इथं बसेल. हिचं टेबल इथं." तिनं बोट पडद्याला लावलं नाही, थोडं अलीकडेच धरलं. मग म्हणाली, "ओटा उजवीकडे हवा होता. डावीकडे असला की दार उघडताना कढईला लागतं."

मी ओटा धरला आणि उजवीकडे सरकवला. त्याबरोबर दोनशे चाळीस खोल्यांत दोनशे चाळीस ओटे उजवीकडे सरकले. म्हाताऱ्याच्या खोलीतला, तीन नंबरातला, सगळे.

"हं," ताई म्हणाली. "आता बरं आहे."

फाइल बंद करताना प्रोग्रामनं विचारलं, बदल जतन करू का? तिनं मान डोलावली. मी हो दाबलं.