न मिसळलेली पावडर

पावडरीचा काही उपयोग झाला नाही, असं धाकट्या बहिणीने गोठेवाल्यांच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा दादा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

गायी ढेकर देतात, त्यातून निघणारा वायू हवा तापवतो आणि चाऱ्यात ही पावडर मिसळली तर तो कमी होतो, हे तिनेच त्याला समजावलं होतं. संशोधनासाठी तिने भावाचाच गोठा निवडला; तिच्या शब्दावर आणखी काही गोठेवाल्यांनीही पावडर सुरू केली. लोक तिला ‘ढेकरमास्तर’ म्हणून चिडवायचे, दादा मात्र कौतुकाने सांगायचा, “आमची धाकटी गायींच्या पोटात शिरलीय.”

पहिल्याच आठवड्यात गायींनी चारा हुंगून तोंड फिरवलं. दूध घटलं. गायी सावरल्या की पुन्हा सुरू करू म्हणत त्याने पोती वैरणीमागे सारली. चार दिवसांचे सहा महिने झाले. ती फोनवर विचारायची, “दादा, रोज घालतोस ना?”

“घालतो की.” पहिल्यांदा जीभ अडखळली होती. नंतर तीही सरावली.

आता बैठकीत पुढच्या रांगेतला एक गोठेवाला उठला. “ताई, मग आम्हीही बंदच करतो. उगाच डोक्याला ताप कशाला?” दहाबाराजणांनी माना डोलावल्या. कागद आवरताना बहिणीचा चेहरा एवढासा झाला होता.

दादाला राहवलं नाही. “थांबा जरा,” तो उठून म्हणाला. “पावडरीचा दोष नाही. मी ती घातलीच नाही.”

बहिणीने विचारलं, “कधीपासून?”

“दुसऱ्या आठवड्यापासून. गायी चाऱ्याला तोंड लावेनात, दूध घटलं.”

“मला सांगता आलं नाही तुला?”

“आधी वाटलं, तू खट्टू होशील. मग सांगायला तोंडच उरलं नाही.”

ती कागद उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायच्या वेळी ती गोठ्यावर हजर. आधी चिमूटभर, मग रोज थोडी वाढवत तिने स्वतः पावडर कालवली. गायींनी गव्हाण चाटूनपुसून साफ केली. “एवढंच करायचं होतं,” ती गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. पुढचे सहा महिने ती रोज आली. गायींशी बोलायची, दादाशी कामापुरतं.

या वेळी मोजल्यावर वायू खरोखरच कमी भरला. पण बैठकीतल्या त्या दहाबाराजणांपैकी दोघांनीच पावडर परत सुरू केली. “तुझ्याच गायी तोंड लावत नव्हत्या ना?” असं बाकीचे दादाला ऐकवतात. तो ऐकून घेतो, आणि आठवड्याभराने पुन्हा पावडरीचं सांगायला त्यांच्या गोठ्यावर जातो.